घरी वॉफल करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वॉफलबद्दल येणारे बरेचसे प्रश्न प्रमाणाविषयी असतात. बिघाड मात्र बहुतेक वेळा तापमानात आणि घाईत असतो. म्हणून खाली प्रमाणं नेमकी दिली आहेत, पण मशीनबद्दलची उत्तरं (प्र. ४ आणि प्र. ६) कुणी वगळू नयेत. सगळीकडे १ कप म्हणजे २४० मि.ली., टेबलस्पून १५ मि.ली. आणि टीस्पून ५ मि.ली.

१. पॅनकेकचं पीठ वॉफलच्या साच्यात ओतलं तर चालत नाही का?

चालतं, पण वॉफल मऊ होतो आणि चिकटायची शक्यता वाढते. वॉफलच्या मिश्रणात लोणी किंवा तेल जवळजवळ दुप्पट लागतं. बाहेरचं कवच कुरकुरीत होतं ते या स्निग्धांशामुळे, आणि साच्यातून वॉफल सुटतोही त्यामुळेच. तयार पॅनकेक मिक्स संपवायचं असेल तर दर कपाला २ टेबलस्पून तेल आणि १ टेबलस्पून कॉर्नफ्लॉर जास्तीचं घाला आणि दूध थोडं हात राखून वापरा.

२. एकदाच नीट प्रमाण सांगा. किती वॉफल होतील तेही.

साध्या गोल साच्यात सहा ते सात वॉफल होतात.

मैदा २०० ग्रॅम (दीड कप आणि वर २ टेबलस्पून), कॉर्नफ्लॉर ३० ग्रॅम (४ टेबलस्पून), साखर २ टेबलस्पून, बेकिंग पावडर दीड टीस्पून, खायचा सोडा अर्धा टीस्पून, मीठ अर्धा टीस्पून. ओल्या जिनसांमध्ये २ अंडी, २०० ग्रॅम दही, १७० मि.ली. दूध, ९० ग्रॅम वितळवलेलं बटर आणि १ टीस्पून व्हॅनिला इसेन्स.

कोरडं सगळं एका पातेल्यात चाळून घ्या. दुसऱ्यात दही आधी गुठळ्या मोडेपर्यंत घुसळा, मग त्यात अंडी आणि दूध घाला, शेवटी कोमट बटर. ओलं कोरड्यात ओतून उलथन्याने पंधरा-वीस वेळा खालून वर करा. पांढरा मैदा दिसेनासा झाला की थांबा. बारीक गुठळ्या राहिल्या तरी बिघडत नाही, भाजताना त्या विरघळतात. दहा मिनिटं झाकून ठेवा. मिश्रण इडलीच्या पिठाइतपत दाट हवं.

दोन गोष्टी सांभाळा. नेहमीचं पिवळं बटर खारट असतं, ते वापरत असाल तर वरचं मीठ घालू नका. आणि दही-दूध थेट फ्रिजमधून काढून वापरू नका. गार दुधात वितळलेलं बटर पडलं की त्याच्या पिवळ्या चकत्या होतात आणि एका वॉफलमध्ये लोणीच लोणी, दुसरा कोरडा, असं होतं. तसं झालंच तर ओलं मिश्रण कोमट पाण्याच्या परातीत दोन-तीन मिनिटं धरून हलवा. पण हे मैदा घालायच्या आधी.

अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी: आपण ज्याला कॉर्नफ्लॉर म्हणतो तो पांढराशुभ्र स्टार्च तिकडे कॉर्नस्टार्च या नावाने मिळतो. तिकडच्या कॉर्नफ्लॉरच्या पाकिटात मक्याचं पीठ असतं, ते इथे नको.

३. परदेशी कृतींमध्ये बटरमिल्क लिहिलेलं असतं. आपलं ताक घालू का?

नेहमीचं ताक घालू नका. तिकडचं बटरमिल्क दाट आणि आंबट असतं, आपलं ताक पाणीदार. तेवढ्याच मापाने घातलं तर मिश्रण सैल पडतं. १ कप बटरमिल्कच्या जागी पाऊण कप दही आणि पाव कप दूध एकत्र घुसळून घ्या. दही किंचित आंबट असलेलं बरं, कारण सोडा त्या आंबटपणाशीच क्रिया करून फुगतो. दही नसेलच तर १ कप दुधात १ टेबलस्पून लिंबाचा रस घालून दहा मिनिटं ठेवा.

४. मशीन किती वेळ तापवायचं? आणि वॉफल झाला हे कसं ओळखायचं?

दिवा हिरवा झाला म्हणजे तापमापकाजवळचा भाग तापला. सगळी पट्टी तापायला त्यानंतरही चार-पाच मिनिटं लागतात. पट्टीवर पाण्याचा थेंब टाकला तर तो टणाटण उड्या मारत नाहीसा व्हायला हवा. नुसता फसफसत बसला तर अजून थांबा.

झाला की नाही हे वाफेवरून ओळखा, दिव्यावरून नाही. मिश्रण ओतून झाकण लावलं की कडेने भरपूर वाफ येते. ती विरत जाऊन जवळजवळ थांबली की वॉफल तयार. पातळ साच्यात याला तीन ते चार मिनिटं लागतात, खोल खाचांच्या साच्यात पाच ते सहा. पहिली तीन मिनिटं झाकणाला हातही लावू नका. मग हलकेच उचलून पाहा. झाकण अडतंय असं वाटलं तर ओढू नका, आणखी एक मिनिट द्या.

५. मिश्रण दर वेळी बाहेर ओघळतं. किती घालायचं?

सहा-सात इंची पातळ गोल साच्यात अर्धा कप, खोल साच्यात पाऊण ते एक कप. मधोमध ओतून कडेपासून बोटभर आतपर्यंतच पसरा. बाकीचं झाकण लावल्यावर आपोआप पसरतं.

६. मशीनमधून काढताना कडक असतो, पण ताटात पाच मिनिटांत लिबलिबीत. का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. कुरकुरीतपणा म्हणजे कवचातलं पाणी निघून जाणं. गरम वॉफल ताटात सपाट ठेवला की आतली वाफ खालच्या बाजूला अडकते आणि तिचं पुन्हा पाणी होतं. एकावर एक रचले तर आणखीच वाईट.

म्हणून वॉफल काढला की तारेच्या जाळीवर ठेवा. जाळी नसेल तर दोन वाट्यांवर टेकवून उभा करा, पण खालून हवा लागू द्या. सगळ्यांना एकदम वाढायचं असेल तर ओव्हन १०० अंशांवर ठेवून त्यात जाळीवरच ठेवा, वीस मिनिटं आरामात टिकतात. झाकण, डबा, फॉइल यांतलं काहीही गरम वॉफलवर नको.

तरीही मऊच पडत असेल तर तो पुरता भाजलाच गेलेला नाही. वाफ थांबल्यावरही अर्धा मिनिट ठेवा. पावसाळ्यात हवेतला दमटपणा कवच लवकर शोषतं, तेव्हा दह्या-दुधातलं ३० मि.ली. दूध कमी करा आणि वॉफल जास्तच तांबूस होऊ द्या.

७. झाकण उघडलं की वॉफलचे दोन थर होतात, अर्धा वर, अर्धा खाली.

लवकर उघडलात. आत अजून कच्चं आहे आणि दोन्ही बाजू पट्ट्यांना धरून आहेत. वेळेवर उघडूनही चिकटत असेल तर कारण पुढच्यापैकी एक असतं: साखर जास्त, बटर कमी, साचा पुरता न तापलेला, किंवा नॉनस्टिकवर जुन्या तेलाचा चिकट थर. शेवटचं कारण कुणाच्या लक्षात येत नाही. स्प्रेच्या डब्यातलं तेल वापरलं की त्यातलं लेसिथिन पट्टीवर भाजून बसतं आणि मग काहीही केलं तरी वॉफल धरतो. ब्रशने साधं रिफाइंड तेल लावा. बटर लावू नका, त्यातला दुधाचा अंश जळून काळे ठिपके पडतात.

८. रंगच येत नाही. पांढराफटक राहतो.

साखर अजिबात न घालता केला असेल किंवा अंडी नसतील तर हे होणारच, कारण रंग येतो साखर आणि प्रथिनांमुळे. २ टेबलस्पून दूध पावडर घाला, लगेच फरक दिसतो. साखर ३ टेबलस्पूनच्या वर नेऊ नका, रंग येईल पण वॉफल चिकटेल. ७०० वॉटच्या लहान मशीनमध्ये लागोपाठ वॉफल केले तर पट्टी गार पडत जाते. दोन वॉफलांच्या मधे झाकण लावून दोन मिनिटं थांबा.

९. वॉफल वातड होतो, चावताना रबर.

जास्त फेटलंत. हँड मिक्सर आणि मिक्सरचं भांडं दोन्ही लांब ठेवा. मिश्रण एकदा मिळून आलं की पुन्हा ढवळायचं नाही, वाढण्याआधी सवयीने चमचा फिरवायचाही नाही.

१०. पहिला वॉफल नेहमी बिघडतो. प्रमाणाचा दोष?

नाही, प्र. ४ मधलं तापवणं अपुरं पडतं. नवीन मशीन असेल तर पहिला वॉफल टाकूनच द्या, नव्या लेपाचा वास त्यात उतरतो.

११. अंडं न घालता तितकाच छान होईल का?

जवळपास तितकाच. फरक आतल्या जाळीत राहतो. अंड्याचा वॉफल आतून हलका, बिनअंड्याचा किंचित भरीव. वरच्या प्रमाणात असे बदल करा: दही २५० ग्रॅम, दूध २०० मि.ली., बेकिंग पावडर २ टीस्पून, दूध पावडर २ टेबलस्पून आणि १ टेबलस्पून तेल जास्तीचं. भाजायला एखादा मिनिट जास्त लागतो.

जवसाची पूड (एका अंड्यामागे १ टेबलस्पून पूड, ३ टेबलस्पून पाणी, दहा मिनिटं भिजवून) बांधणी चांगली देते, पण चव आणि करडे ठिपके सगळ्यांना रुचत नाहीत. केळं कुस्करून घालू नका असंच आमचं मत. वॉफल गोड-चिकट होतो आणि साच्याला हमखास धरतो. दूधही नको असेल तर काबुली चणे शिजवलेलं दाटसर पाणी, एका अंड्याला ३ टेबलस्पून, फेसाळ होईपर्यंत फेटून सर्वांत शेवटी मिसळा. दह्याच्या जागी सोया दूध आणि लिंबू.

१२. बेकिंग पावडर संपली आहे. इनो चालेल?

एका-दोघांपुरतं करताना चालेल. इनो ओलं होताक्षणी फसफसतं आणि जोर तिथेच संपतो. पहिला वॉफल फुगतो, तिसरा बसका होतो. बेकिंग पावडरचा बराचसा जोर मात्र उष्णता लागल्यावर निघतो, त्यामुळे मिश्रण दहा-पंधरा मिनिटं थांबू शकतं. इनोच घालायचं तर बिनवासाचं घ्या, सोडा वगळा आणि दर वॉफलपुरतं मिश्रण वेगळं काढून त्यात पाव टीस्पून घाला.

१३. मैद्याऐवजी कणीक किंवा नाचणी?

निम्मी कणीक, निम्मा मैदा ही सर्वांत बरी तडजोड. चक्कीची कणीक पाणी जास्त पिते. ४० मि.ली. दूध वाढवा आणि दहाऐवजी अर्धा तास भिजू द्या. पूर्ण कणकेचा वॉफल पोटभरीचा होतो, हलका होत नाही. नाचणी एक तृतीयांशपर्यंत ठीक, त्यापुढे वॉफल काढताना मोडतो.

गहू पूर्ण वर्ज्य असेल तर १७० ग्रॅम तांदळाची पिठी, ६० ग्रॅम कॉर्नफ्लॉर आणि १ टेबलस्पून जवसाची पूड घ्या, आणि दोन्ही अंडी ठेवाच. बिनगव्हाचा आणि बिनअंड्याचा असा एकत्र हट्ट धरला तर वॉफल साच्यातच भुगा होऊन राहतो. तशा वेळी इडलीचं आंबवलेलं पीठ वापरणं शहाणपणाचं: दर कपाला १ टेबलस्पून तेल घालून साच्यात सहा-सात मिनिटं. वरून कडक, आतून मऊ आणि चटणीसोबत उत्तम.

१४. बटरऐवजी घरचं तूप, लोणी किंवा तेल?

बटरमध्ये साधारण ८० टक्केच स्निग्धांश असतो, बाकी मुख्यतः पाणी. म्हणून ९० ग्रॅम बटरच्या जागी ७५ ग्रॅम तूप आणि १ टेबलस्पून दूध. तेलही ७५ ग्रॅमच. तेलाचा वॉफल जास्त कुरकुरीत, बटरचा जास्त चवदार. निम्मं-निम्मं घेतलं की दोन्ही साधतं. घरच्या लोण्यात ताकाचा अंश किती राहिलाय त्याचा नेम नसतो, ते कढवून तूप करूनच घाला.

१५. चॉकलेट वॉफलसाठी कोको किती?

३० ग्रॅम मैदा काढून तेवढाच कोको घाला, साखर १ टेबलस्पून वाढवा. रंगावरून भाजलं की नाही कळत नाही, वाफेवरच भिस्त ठेवा. मिश्रणात चॉकलेटचे तुकडे घालू नका, ते साच्याच्या खाचांत जळतात.

१६. ‘बेल्जियन वॉफल’ म्हणजे नक्की कोणता?

बेल्जियममध्ये दोन प्रकार मुख्य. ब्रसेल्सचा आयताकृती, खोल चौकड्यांचा, यीस्टने फुगवलेल्या पातळ मिश्रणाचा आणि अतिशय हलका. लिएजचा मळलेल्या, लोणीदार पिठाचा, कडा वेड्यावाकड्या आणि आत मोत्यासारखे साखरेचे दाणे. ते काही ठिकाणी वितळून वर खमंग कवच तयार होतं. आपल्याकडे आणि अमेरिकेत बेल्जियन म्हणून जो मिळतो तो बहुधा बेकिंग पावडरचाच, फक्त खोल साच्यातला.

१७. यीस्टचा वॉफल रात्री भिजवून सकाळी करायचा आहे. आपल्या उकाड्यात जमेल?

जमेल, पण थंड देशांसारखं रात्रभर ओट्यावर ठेवू नका. २५० ग्रॅम मैदा, ४०० मि.ली. कोमट दूध, १०० ग्रॅम वितळवलेलं बटर, १ टीस्पून इन्स्टंट यीस्ट, १ टेबलस्पून साखर, पाऊण टीस्पून मीठ एकत्र करा. भांडं मोठं घ्या, मिश्रण दुप्पट होतं. एप्रिल-मेमध्ये पाऊण तास आणि थंडीत दीड तास बाहेर ठेवून मग फ्रिजमध्ये. ३२-३५ अंशांत रात्रभर बाहेर राहिलं तर दारूसारखा वास येतो, वॉफल आंबट आणि फिका होतो, शिवाय दूध नासण्याची भीती. सकाळी अर्धा तास आधी बाहेर काढा आणि भाजण्यापूर्वी २ अंडी व पाव टीस्पून सोडा मिसळा. मिश्रण पातळ दिसेल, घाबरून मैदा वाढवू नका.

१८. लिएज वॉफलसाठी पर्ल शुगर मिळत नाही. खडीसाखर कुटून घालू?

नको. खडीसाखर म्हणजे घट्ट स्फटिक, चार मिनिटांत तो वितळत नाही आणि दाताखाली खड्यासारखा येतो. पर्ल शुगर ही दाबून केलेली साखर असते. तिला जवळची वस्तू म्हणजे चहाचे शुगर क्यूब. ते फडक्यात गुंडाळून हरभऱ्याएवढे तुकडे करा आणि भुगा चाळून काढा.

पिठासाठी: २५० ग्रॅम मैदा, ८० मि.ली. कोमट दूध, १ अंडं, दीड टीस्पून इन्स्टंट यीस्ट, १ टेबलस्पून साखर, अर्धा टीस्पून मीठ. दहा मिनिटं मळा, मग १२० ग्रॅम मऊ बटर थोडं थोडं करत मुरवा. दुप्पट झाल्यावर १५० ग्रॅम साखरेचे तुकडे मिसळून ९०-१०० ग्रॅमचे गोळे करा आणि पंधरा मिनिटं झाकून ठेवा. साचा मध्यम तापमानावर ठेवून तीन-चार मिनिटं भाजा. वितळलेली साखर उकळत्या तेलापेक्षा वाईट भाजते. लाकडी चिमट्याने काढा, मुलांना जवळ येऊ देऊ नका. साचा गरम असतानाच ओल्या फडक्याची घडी चिमट्यात धरून पुसा, गार झाल्यावर तो पाक काचेसारखा बसतो.

१९. मशीन नाही. काही पर्याय?

सँडविच टोस्टरमध्ये चव तीच येते, फक्त चौकड्या नाहीत. ओव्हन असेल तर सिलिकॉनचे साचे: २२० अंशांवर दहा मिनिटं, मग साच्यातून काढून उलटे करून आणखी चार-पाच मिनिटं. हा दुसरा टप्पा गाळला तर तळ ओला राहतो. आप्पेपात्रात घातले तर आप्पेच होतील. वाईट नाहीत, पण वॉफल नव्हेत.

२०. गॅसवरचा बिडाचा साचा घेऊ का?

हाताची मेहनत चालणार असेल तर जरूर. वीज येण्याआधी वॉफल असेच होत. चुलीवर बिजागरीवर फिरवून उलटता येणाऱ्या साच्याचं पेटंट न्यू यॉर्क राज्यातल्या ट्रॉयच्या कॉर्नेलियस स्वार्टवाउट यांना २४ ऑगस्ट १८६९ रोजी मिळालं. उलटणं हेच त्यातलं मर्म आहे. मध्यम आचेवर दोन्ही बाजू तीन-तीन मिनिटं तापवा, मिश्रण ओतून अर्ध्या मिनिटात उलटा म्हणजे वरच्या चौकड्याही भरतात, मग प्रत्येक बाजू दोन-अडीच मिनिटं. बिडाचा साचा तव्यासारखा तेल लावून मुरवावा लागतो. ॲल्युमिनियमचा साचा इंडक्शनवर तापणार नाही.

२१. अमेरिकेहून आणलेलं मशीन इथे लावलं तर?

मागच्या पट्टीवर फक्त १२० व्होल्ट लिहिलं असेल तर नुसता पिन बदलणारा अडॅप्टर लावून चालवू नका. आपल्या २३० व्होल्टवर तापणारी तार जळते. १००० वॉटच्या मशीनला निदान १५०० वॉटचा ट्रान्सफॉर्मर लागतो. तो जड आणि महाग, तेवढ्यात इथलं नवीन मशीन येतं.

२२. साफ कसं करायचं?

पट्ट्या निघत नसतील तर पाण्याखाली कधीच नाही. कोमट असताना ओलसर फडकं, खाचांसाठी मऊ ब्रश. काटा, सुरी, तारेची घासणी नको. अडकलेला तुकडा लाकडी काडीने काढा.

२३. उरलेलं मिश्रण किंवा वॉफल किती टिकतात?

मिश्रण फ्रिजमध्ये एक दिवस. दुसऱ्या दिवशी पाव टीस्पून बेकिंग पावडर हलक्या हाताने मिसळा. पण सगळे वॉफल करून गोठवणं जास्त चांगलं. जाळीवर पूर्ण गार करा, मधे बटर पेपर घाला, हवाबंद पिशवीत दोन महिने राहतात. बर्फातून काढून थेट टोस्टरमध्ये, किंवा एअर फ्रायरमध्ये १७० अंशांवर चार मिनिटं. मायक्रोवेव्हमध्ये ते रबर होतात.

२४. मेपल सिरपशिवाय वर काय घालावं?

काकवी! थोडी कोमट करून. चिक्कूच्या फोडी, हापूसच्या फोडी आणि घट्ट फेटलेलं क्रीम, चक्क्यात थोडा मध. आमरस वर ओतू नका, वॉफल लगेच भिजतो. वाटीत वेगळा द्या. चॉकलेट सॉससाठी १०० ग्रॅम डार्क चॉकलेट, १०० मि.ली. गरम क्रीम.

२५. उपासाला वॉफल करता येईल का?

मैद्याचा अर्थातच नाही, आणि बेकिंग पावडरमध्ये बहुधा कॉर्नफ्लॉर असतो, तेही लक्षात ठेवा. पण साबुदाणा वड्याचं सारण साच्यात झकास भाजलं जातं. १ कप भिजवलेला साबुदाणा, २ मध्यम उकडलेले बटाटे, अर्धा कप दाण्याचं कूट, मिरची, जिरं, सैंधव. साबुदाणा मोकळा असू द्या, पाणी राहिलं तर वॉफल गिच्च होतो. साच्याला तूप लावून १०० ग्रॅमचा गोळा चपटा करून ठेवा, झाकण दाबा. आठ ते दहा मिनिटं लागतात, पहिली पाच उघडायचं नाही. ज्या मशीनमध्ये अंड्याचे वॉफल होतात त्याच्या पट्ट्या निघत नसतील तर त्या धुता येत नाहीत, नुसत्या पुसता येतात. घरात हे चालणार नसेल तर साचा वेगळाच ठेवावा लागेल.